प्रतिपालकत्वाची तयारी: कागद, गृहभेट आणि तिची आई

जून २०२५ मध्ये बाल कल्याण समितीचा (काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) आदेश हातात पडला आणि नऊ वर्षांची एक मुलगी आमच्या घरी राहायला आली. त्याआधीचं जवळजवळ वर्ष आमचं तयारीत गेलं. त्या काळात मराठीत काही वाचायला मिळतंय का म्हणून मी खूप शोधलं. एकतर शासन निर्णय सापडायचे, नाहीतर दत्तक घेतलेल्या जोडप्यांचे अनुभव. दत्तक वेगळं आणि हे वेगळं. प्रतिपालकत्वात, म्हणजे इंग्रजीत ज्याला फॉस्टर केअर म्हणतात त्यात, मूल काही काळ सांभाळायला मिळतं आणि त्याचं मूळ घर सावरलं की परत जातं. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत बसून हे लिहून काढतेय.

मुलीचं नाव, शाळा, आमचं गाव, जिल्हा यातलं काहीही इथे येणार नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार अशा मुलांची ओळख उघड करायला मनाई आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. कायदा नसता तरी लिहिलं नसतंच. तिच्याबद्दलचे एक-दोन तपशील मी मुद्दाम इकडचे तिकडे केले आहेत, प्रक्रिया मात्र घडली तशीच आहे.

घरात आम्ही चौघं. मी एका खासगी कंपनीत हिशेब बघते, नवरा सहकारी बँकेत आहे, लेक तेव्हा आठवीत होता आणि सासूबाई पंचाहत्तरीला टेकलेल्या. दुसरं मूल व्हावं असं वाटायचं, झालं नाही, आणि त्याचं फार काही मनाला लावूनही घेतलं नाही. २०२४ च्या पावसाळ्यात पेपरात बातमी आली. प्रतिपालकत्वाची नवी मार्गदर्शक तत्त्वं आली आहेत आणि आता ३५ ते ६० वयाच्या एकट्या माणसांनाही मूल सांभाळायला घेता येणार आहे, अशी. त्यात एकट्या पुरुषाकडे फक्त मुलगा देतात, एकट्या बाईकडे मुलगा किंवा मुलगी कोणीही. नवऱ्याने पेपर माझ्यापुढे सरकवला. "आपण तर दोघं आहोत," एवढंच म्हणाला आणि अंघोळीला गेला. आमच्याकडे मोठे निर्णय असेच होतात.

पहिला फोन मी १०९८ वर केला. ती संकटातल्या मुलांसाठीची हेल्पलाइन आहे हे माहीत होतं, पण दुसरा नंबर सुचेना. पलीकडच्या मुलीने शांतपणे सांगितलं, जिल्ह्याच्या महिला व बाल विकास कार्यालयात जा. गेलो. तिथल्या टेबलावरच्या गृहस्थांनी माझं वाक्य पुरतं ऐकून न घेता एक फॉर्म काढून दिला आणि म्हणाले, "मृत्यूचा दाखला जोडा."

"कोणाचा?"

"मिस्टरांचा."

मिस्टर शेजारीच उभे होते.

त्या गृहस्थांना मी दोष देत नाही. त्यांच्याकडे दिवसभर बालसंगोपन योजनेचे अर्ज येतात. आई किंवा वडील गेलेल्या, किंवा दोघंही सांभाळू शकत नाहीत अशा मुलांना आपल्याच घरी, नात्यातल्या माणसांकडे वाढता यावं म्हणून राज्य सरकार महिन्याला २,२५० रुपये देतं, ती ही योजना. गरज प्रचंड आहे, गठ्ठेच्या गठ्ठे पडलेले असतात. रक्ताचं नातं नसलेलं मूल सांभाळायला द्या असं म्हणत येणारे आमच्यासारखे त्यांना क्वचितच भेटत असणार. तेव्हा तुम्ही गेलात तर थेट जिल्हा बाल संरक्षण कक्ष कुठे बसतो ते विचारा आणि तिथे संरक्षण अधिकारी (संस्थाबाह्य), म्हणजे मुलांना संस्थेऐवजी कुटुंबात ठेवण्याचं काम बघणारे, कोण आहेत ते. हे 'संस्थाबाह्य' कंसासकट म्हटलं की समोरचा माणूस बरोबर दाराकडे बोट दाखवतो.

त्या अधिकारी ताई पस्तिशीच्या असतील. टेबलावर फायली, खिडकीत तुळस, आणि बोलणं रोखठोक. पहिलाच प्रश्न: "दत्तकाची यादी लांब आहे म्हणून इकडे आलात का? खरं सांगा, मला राग येत नाही." आम्ही खरं तेच सांगितलं. यादीत आम्ही कधी नव्हतोच, पण मूल कायमचं आपलं होईल का हा विचार मनात येऊन गेलाच होता. मग त्यांनी अर्धा तास आम्हाला बसवून समजावलं. मी ते इथे थोडक्यात मांडते, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

बालगृहातली सगळी मुलं अनाथ नसतात. कोणाची आई आजारी असते, कोणाचे वडील तुरुंगात, कोणाचं घरच मोडलेलं. ती मुलं कायद्याने दत्तक देता येत नाहीत, कारण त्यांचं कोणीतरी आहे. पण म्हणून अठरा वर्षांचं होईपर्यंत त्यांनी संस्थेतच राहावं असंही नाही. अशा सहा वर्षांवरच्या मुलांना समिती एखाद्या कुटुंबात ठेवते. आधी जास्तीत जास्त एका वर्षासाठी, मग परिस्थिती बघून मुदत वाढवत. मूळ घर सावरलं की मूल परत जातं. दत्तकयोग्य ठरलेलं मूल दीर्घकालीन प्रतिपालकत्वात द्यायचंच नाही, असं कायद्यात स्पष्ट आहे. उलट, सांभाळायला दिलेलं मूल पुढे कधी कायद्याने दत्तकासाठी मोकळं झालं, तर दोन वर्षं सांभाळलेल्या कुटुंबाला त्याच्या दत्तकाचा विचार करता येतो. आधी ही अट पाच वर्षांची होती. "पण ते गृहीत धरून जे येतात त्यांना मी चहा पाजून परत पाठवते," ताई म्हणाल्या. "तुम्ही पंधरा दिवस घ्या. आजींशी बोला, मुलाशी बोला. मूल परत पाठवायची तयारी आहे का ते एकमेकांना विचारा. मगच या."

पंधरा दिवसांत आम्ही फार गंभीर चर्चा वगैरे केल्या नाहीत. लेकाने विचारलं, खोली वाटून घ्यावी लागेल का? लागेल. मग म्हणाला, ती परत गेली तर माझा कप्पा मला परत मिळेल का? मिळेल. सासूबाई दोन दिवस काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना म्हणाल्या, "माझी बहीण मामाकडे वाढली. कोणी कागद नाही मागितले." मी ते होकारात धरलं.

गणपतीच्या आधी कागद जमवायला लागलो. नोंदणी आता ऑनलाइन आहे. दत्तकासाठीचं जे 'केअरिंग्स' पोर्टल आहे, त्यावरच प्रतिपालकांसाठी वेगळी सोय आहे. फोटो, आधार, पॅन, जन्मतारखेचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, उत्पन्नाचा पुरावा, विवाह नोंदणीचा दाखला, वैद्यकीय दाखले असं सगळं चढवायचं. आम्हाला खरा घाम फोडला तो विवाह नोंदणीने. आमचं लग्न २००५ चं, नोंदणी कधी केलीच नाही. त्या फॉर्मवर तीन साक्षीदार लागतात आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही. आमचे गुरुजी सात-आठ वर्षांपूर्वी वारले. महापालिकेतल्या बाईंनी प्रतिज्ञापत्रावर काम होईल असं सांगितलं, लग्नपत्रिका मागितली आणि मांडवातला फोटो. पत्रिका सासूबाईंच्या ट्रंकेतून निघाली, डांबराच्या गोळ्यांच्या वासासकट. स्टॅम्पपेपर, नोटरी, उशिराची फी मिळून हजार-बाराशे गेले असतील. तुमचं लग्न नोंदवलेलं नसेल तर प्रतिपालकत्वाचं राहू द्या, तसंही हे काम उद्याच उरकून टाका.

उत्पन्नाला आम्ही फॉर्म १६ आणि बँकेचं स्टेटमेंट दिलं. शेती किंवा धंदा असेल तर तहसीलदारांचा दाखला सेतू केंद्रातून काढावा लागेल. पोलिसांची चारित्र्य पडताळणी ऑनलाइन अर्जाने होते, शुल्क माणशी सव्वाशेच्या आसपास. ठाण्यातून एक हवालदार घरी आले. सज्जन माणूस. पण त्यांनी जाताना शेजारच्या दोन घरी चौकशी केली, आणि संध्याकाळपर्यंत बिल्डिंगभर झालं की आमच्याकडे पोलीस आले होते. तेव्हा शेजाऱ्यांना आधीच दोन वाक्यांत सांगून ठेवा. पुढे ओळखीच्या दोन माणसांची नावं संदर्भासाठी द्यावी लागतातच. आम्ही समोरच्या काकांचं नाव दिलं होतं आणि त्यांनी गृहभेटीच्या समाजसेविकेला आमच्या पार्किंगच्या भांडणासकट सगळं सांगितलं, असं नंतर कळलं.

वैद्यकीय तपासण्यांचं मात्र नीट लिहिते. घरात राहणाऱ्या प्रत्येकाची तपासणी लागते, फक्त नवरा-बायकोची नाही. त्यात एचआयव्ही, क्षयरोग आणि हिपॅटायटिस बी यांच्या चाचण्या येतात. हे सासूबाईंना सांगायचं काम माझ्याकडे आलं. "ह्या वयात मला कसला एड्स?" त्या इतक्या मोठ्याने म्हणाल्या की खाली वॉचमनने वर बघितलं. शेवटी नातू आधी सुई टोचून घ्यायला तयार झाला आणि मग त्याही. एचआयव्हीची चाचणी सरकारी रुग्णालयातल्या समुपदेशन व चाचणी केंद्रात मोफत होते. आम्ही वेळ वाचवायला बाकीचं खासगी लॅबमध्ये केलं आणि चौघांचं मिळून पाचेक हजारांपर्यंत गेलं. सगळंच सरकारीत केलं असतं तर खर्च नगण्य झाला असता, रांगेत मात्र सकाळ गेली असती. सासूबाईंचा रक्तदाब आणि नवऱ्याची शुगर यामुळे नाकारतील अशी मला धास्ती होती. तसं काही होत नाही. मूल सांभाळण्याइतकी तब्येत आहे का एवढंच डॉक्टर लिहून देतात.

सप्टेंबरअखेर फाईल पूर्ण झाली. पोर्टलवर टाकली तरी एक छापील प्रत कार्यालयात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, शिक्का आणि आवक क्रमांकासकट. आमच्या बाबतीत पुढे दोन महिने काहीच हललं नाही. विधानसभेची आचारसंहिता लागली, २० नोव्हेंबरला मतदान, निम्मं कार्यालय निवडणुकीच्या कामाला. मी फोन करायची, तिकडून "मॅडम ट्रेनिंगला" असं उत्तर यायचं. डिसेंबरात एक नवे कर्मचारी तर म्हणाले तुमची फाईलच नाही. आवक क्रमांक सांगितल्यावर पाच मिनिटांत सापडली.

वाट बघताना एक विचित्र गोष्ट होते. कोण येणार ते माहीत नाही, वय माहीत नाही, येणार की नाही तेही माहीत नाही, आणि तरी आपण दुकानात जाऊन पलंगाची चादर हातात घेऊन उभे राहतो. मी काही विकत घेतलं नाही. नवऱ्याने मात्र एक टेबललॅम्प आणला आणि लेकासाठी आहे असं सांगितलं.

गृहभेट झाली जानेवारी २०२५ मध्ये. या होम स्टडीचा मी भलताच धसका घेतला होता. आदल्या रविवारी जळमटं काढली, गॅसची शेगडी घासली. समाजसेविका आल्या त्या सोमवारी संध्याकाळी पाच वाजता, मी ऑफिसातून नुकतीच आले होते आणि सिंकमध्ये भांडी तशीच. त्यांनी भांड्यांकडे ढुंकूनही बघितलं नाही. मूल कुठे झोपणार, संडास-बाथरूमला आतून कडी आहे का, गच्चीचं दार उघडं असतं का, शाळेतून चार वाजता मूल आलं तर घरी कोण असतं, हे विचारलं. मग प्रत्येकाशी वेगवेगळं बोलल्या. लेकाशी गच्चीवर. तो काय बोलला हे आम्ही आजवर विचारलेलं नाही.

नवऱ्याला विचारलं, लहानपणी मार बसायचा का? तो म्हणाला, पट्ट्याने. मग तुम्ही मुलाला मारता का? एकदा मारलंय, चौथीत. का? तो बराच वेळ गप्प बसला. त्यांनी घाई केली नाही, पेन खाली ठेवून बसून राहिल्या. मला वाटलं, झालं, संपलं आपलं. पण नंतर त्याच म्हणाल्या, "कधीच नाही मारलं असं सांगणारी घरं मला जास्त तपासावी लागतात."

सासूबाईंच्या वेळी मी स्वयंपाकघरात होते, पण ऐकू येत होतं. "आजी, येणाऱ्या मुलीची जात, धर्म कदाचित तुम्हाला कळेल, कदाचित कळणार नाही. ती स्वयंपाकघरात येणार, देवघरात येणार." थोडा वेळ शांतता. मग सासूबाई म्हणाल्या, "मला कळवू नका. कळलं की मी विचार करत बसेन." मला हे उत्तर ऐकून घाम फुटला. अहवालात त्याचं काय झालं माहीत नाही, पण समाजसेविकेने मान डोलावून ते लिहून घेतलं. मला आता वाटतं, त्या दिवशी घरातलं सगळ्यात प्रामाणिक उत्तर तेच होतं.

शेवटी दोघांना एकत्र बसवून विचारलं: "मुलीची आई तुमच्या दारात येऊन उभी राहिली, तर?" आम्ही एकमेकांकडे बघितलं. मी पाठ केल्यासारखं म्हणाले, आत बोलवू, पाणी देऊ. त्या म्हणाल्या, "नाही. आधी कक्षाला फोन करायचा. भेटी ठरवून, आमच्यासमोर. पण तुमच्या मनातून मला ऐकायचं होतं." त्यानंतर दोन तास गप्पा झाल्यासारखं झालं. मूल आईला भेटून आल्यावर दोन दिवस बिथरतं, जेवत नाही, तुम्हाला टाकून बोलतं. त्याचा अर्थ भेट बंद करावी असा नसतो. आईविषयी घरात वाईट शब्द निघता कामा नये, फोनवरही नाही, कारण मुलं भिंतीआडून ऐकतात. हे सगळं मी डायरीत लिहून घेतलं. या प्रक्रियेत तयारी म्हणून जे काही असतं त्याचा गाभा मला त्या दोन तासांत सापडला. बाकीचे कागद होते.

प्रशिक्षण म्हणावं असं फारसं काही आमच्या वाट्याला आलं नाही. समुपदेशकांबरोबर एक दिवस, तीन जोडपी. त्यापेक्षा उपयोग झाला तो ताईंनी गाठ घालून दिलेल्या एका काकूंचा. दुसऱ्या तालुक्यात त्या दोन भावांना सांभाळतात. भावंडांना शक्यतो वेगळं करत नाहीत, म्हणून दोघंही त्यांच्याकडे. फोनवर त्यांनी जे सांगितलं ते कुठल्याही पुस्तिकेत नव्हतं. पहिला महिना घरी पाहुणे नकोत, कौतुक करायला येणारे तर मुळीच नकोत. नवे कपडे आणा, पण संस्थेतून आणलेली पिशवी फेकू नका, ती त्याच्या हाताशी ठेवा. रात्री फ्रिजला, डब्यांना कुलूप नको. पोळी उशीखाली सापडेल, ओरडायचं नाही, उलट खाऊचा एक डबा त्याच्या नावाचा करा. आणि "मला आई म्हण" असं चुकूनही म्हणू नका. त्याला आई आहे.

मार्चच्या शेवटी समितीने आमची प्रतिपालक म्हणून योग्यता मान्य केली. हेही एकदा पुढे गेलं होतं. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, अंतिम निर्णयाला किमान तिघं हजर लागतात, आणि त्या दिवशी दोघंच होते. आम्ही दोघांनी रजा टाकलेली. निघण्याआधी सकाळी फोन करून बैठक होतेय का विचारत जा.

एप्रिलमध्ये ताईंचा फोन आला. नऊ वर्षांची मुलगी, दोन वर्षांपासून बालगृहात. वडील नाहीत. आई आहे, आजारी आहे, उपचार चालू आहेत, सांभाळायला जवळचं कोणी नाही. आईबद्दल मी एवढंच लिहीन. भेटणार का, असं विचारलं. आधी मुलीचा अहवाल वाचायला मिळाला. तब्येत, शाळा, सवयी, काय झालं होतं ते. दोन पानं वाचायला मला सबंध संध्याकाळ लागली.

पहिली भेट बालगृहाच्या अधीक्षिकांच्या खोलीत. ती खुर्चीच्या टोकावर बसली होती, वेण्या घट्ट, हातावर पेनाने काढलेलं घड्याळ. आम्ही नेलेल्या चित्रकलेच्या वहीकडे तिने बघितलं नाही. लेकाला मात्र विचारलं, "तुला पोहता येतं?" त्याला येत नाही. तिला येतं. विहिरीत शिकली, आईने शिकवलं. एवढंच बोलणं. पुढचे शनिवार आम्ही जात राहिलो, मे महिन्यात तिला परवानगीने दिवसभरासाठी घरी आणलं, संध्याकाळी परत सोडलं. परत सोडताना माझ्याच पोटात कालवाकालव झाली, ती मात्र सरळ आत पळाली, तिथे तिच्या मैत्रिणी होत्या. तिचंही काही सुटणार होतं, हे मला तेव्हा नीट कळलं.

आणि मग तिची आई. मे महिन्याच्या शेवटी कक्षाच्या कार्यालयात ठरवून भेट. कायद्याने दर वेळी असं करावंच लागतं का मला ठाऊक नाही, ताईंचा आग्रह होता. मी साडी कुठली नेसू यावर सकाळी अर्धा तास घालवला. फार चांगली नको, अगदी साधी मुद्दाम नेसल्यासारखी नको. त्या आल्या, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. हातात पिशवी. नमस्कार झाले, मग कोणालाच काही सुचेना. नवऱ्याने विचारलं, "तिला काय आवडतं?" तिथून त्या बोलायला लागल्या ते थांबेनात. कारलं खात नाही, तिखट कितीही चालतं. दिवा बंद करून झोपत नाही. फटाक्यांना घाबरते, दाखवत नाही पण घाबरते. लहानपणी ताप डोक्यात जाऊन एकदा आकडी आली होती, ताप आला की लगेच पाण्याच्या पट्ट्या. लसीकरणाचं कार्ड गावी मामाच्या घरी आहे, हा घ्या नंबर. आकडीचं आणि कार्डाचं अहवालात कुठेच नव्हतं! मी डायरी काढली आणि त्या सांगतील ते लिहीत गेले. तुम्हाला अशी भेट मिळाली तर वही-पेन न्या आणि अंगावरच्या खुणांपासून अंगाईपर्यंत सगळं विचारून घ्या.

निघताना त्यांनी मला विचारलं, "ती मला विसरणार नाही ना?" मी काहीतरी उत्तर दिलं, ते चांगलं नव्हतं. ताई म्हणाल्या, "महिन्यातून एक भेट आणि रविवारी फोन, आदेशातच लिहून घेऊ." हे उत्तर बरोबर होतं. त्यांना मायेपेक्षा लेखी काहीतरी हवं होतं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात समितीपुढे. समितीला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असले तरी तो कोर्टरूम नसतो, लांब टेबल आणि प्लास्टिकच्या खुर्च्या. मुलीला आधी एकटीला आत नेलं आणि तिचं मत विचारलं. आम्ही बाहेर बाकावर. आत गेल्यावर हमीपत्र वाचायला दिलं: शिक्षण, आरोग्य, जेवणखाण यांची जबाबदारी आमची, मारहाण नाही, पत्ता बदलला तर कळवायचं, समिती सांगेल तेव्हा मुलीला हजर करायचं. वर्षभर या शेवटच्या ओळीचीच तालीम केलेली, तरी सही करताना नवऱ्याचा हात अडखळला. आदेशाच्या पाच-सहा साक्षांकित प्रती तिथेच मागून घ्या. शाळा, दवाखाना, बँक, सगळीकडे लागतात.

शाळेत द्यायला जन्माचा दाखला नव्हता, आधीच्या शाळेचा दाखला यायचा होता. मुख्याध्यापक कां-कूं करत होते. शिक्षणहक्क कायद्यानुसार वयाचा पुरावा किंवा शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हे ताईंनी फोनवर सांगितलं आणि काम झालं. 'पालक' या रकान्यात तिच्या आईचं नाव तसंच ठेवलं आणि आमचं प्रतिपालक म्हणून. वर्गात कोणालाही कळता कामा नये, ही विनंती मुख्याध्यापकांना वेगळी केली.

पैशाचं लोक विचारतात. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेतून मुलामागे महिन्याला ४,००० रुपये आहेत. त्यासाठी तिच्या नावाचं खातं उघडलं, मंजुरीची समिती वेगळी, पैसे यायला दिवाळी उजाडली. घरखर्चाचं गणित त्यावर बसवू नका. आम्ही ते तिच्या खात्यातच राहू देतो.

ती मला काकू म्हणते, लेकाला नावाने हाक मारते, आणि सासूबाईंना पहिल्या दिवसापासून आजी. पार्लेचा पुडा अजून दप्तराच्या पुढच्या कप्प्यात असतो. दिवाळीत आम्ही फटाके आणले नाहीत, लेकाने एकदाही मागितले नाहीत. आईच्या भेटीनंतरचे दोन दिवस सांगितले होते तसेच जातात, ऑगस्टमध्ये तर तिने लेकाची प्रकल्पाची वही फाडली आणि तो आठवडाभर तिच्याशी बोलला नाही. दर महिन्याला समितीकडून पाहणी असते. त्या वेळी मी हे सगळं सांगते. लपवलं तर मदत मिळत नाही.

मुदतवाढीची सुनावणी पुढच्या जूनमध्ये. ताईंनी तयार ठेवायला सांगितलेत ते कागद म्हणजे प्रगतिपुस्तक, दवाखान्याचे कागद आणि आईबरोबरच्या भेटींची तारीखवार नोंद. ती नोंद नवरा ठेवतो, बँकेतल्या सवयीने लाल-निळ्या शाईत. तिच्या आईची तब्येत सुधारतेय, त्यांना काम मिळालंय, राहण्याची सोय बघणं चालू आहे. त्या बाजूचा अहवाल चांगला आला तर आमची मुदत वाढणार नाही. तसं झालं तर शाळेचं वर्ष मध्येच तुटू नये आणि नंतरही रविवारचा फोन चालू राहावा, अशी विनंती आम्ही आत्ताच लेखी देऊन ठेवली आहे. पोच घेऊन.